तिसावं कडं

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आल्मुट बेकरीसमोरच्या ओल्या पाल्यावर घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर फारच तरुण होता, पण प्लास्टर सरळ घातलंय. मी दोन्ही बाजूंनी डोळा लावून पाहिलं.

परत येताना गाडीत विचारलं, दुखतंय का. म्हणाली, दुखतंय. थोड्या वेळाने म्हणाली, "चर्चच्या कड्याचं काय?"

मी म्हणालो, माझ्यावर सोड.

"तुझ्यावर," असं म्हणून ती घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. औषधांचा परिणाम असावा.

काळजीचं कारण नाही. नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी आमच्या चर्चच्या छताला हिरव्या फांद्यांचं जे कडं टांगतात, दीड मीटर डायमीटर, वर चार लाल मेणबत्त्या, ते गेली एकोणतीस वर्षं 'श्टाइनब्रिंकांचं कडं' म्हणूनच ओळखलं जातं. चर्चच्या पत्रकात दर वर्षी छापून येतं: कडं – एकहार्ट श्टाइनब्रिंक. छापा असं मी कधी म्हटलं नाही. छापू नका असंही म्हटलं नाही, कारण त्यात खोडण्यासारखं काही नाही. लोखंडी सांगाडा मी वेल्ड केलाय, १९९५ साली, भूमापन कचेरीत नोकरीला असताना. आल्मुट त्यावर फांद्या भरते. तीन दिवस धुण्याच्या खोलीचं दार लावून बसते, आणि शनिवारी मी ते खांद्यावर घालून गावातून चर्चपर्यंत नेतो. जड असतं.

यंदा फांद्याही मीच भरीन. हातचा मळ आहे.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज प्रायश्चित्ताचा बुधवार. चर्चला गेलो नाही, प्लॅनिंग होतं.

परीघ ४.७१ मीटर. एका जुडीत तीन डहाळ्या, दर सहा सेंटिमीटरला एक जुडी, म्हणजे एकोणऐंशी जुड्या. एका जुडीला दोन मिनिटं धरली तर २ तास ३८ मिनिटं. यासाठी आल्मुटला तीन दिवस का लागतात कळत नाही. बायकांच्या कामात पद्धत नसते. हे तिला बोललो नाही. मनगट मोडलेल्या माणसाला टोचून बोलू नये.

संध्याकाळी पास्टर फोग्टबाईंचा फोन. यंदाचं तिसावं कडं, म्हणून पहिल्या रविवारी प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलायचे म्हणतात. मी म्हणालो, त्याची काही गरज नाही. त्या म्हणाल्या, आहे. मग मी जास्त ताणलं नाही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एक डिसेंबरला दहा वाजता कडं टांगलेलं नसेल, तर गावात गैरसमज होईल. आल्मुट पडली म्हणून कडं नाही, असा त्याचा अर्थ लावतील. लोक काहीही अर्थ लावतात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी आमच्या रानाच्या तुकड्यातून फांद्या आणल्या. ट्रेलर भरून. आल्मुटने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "फर झाडाच्याच आहेत ना?"

अर्थात, म्हणालो.

नंतर जवळून पाहिलं. हाताला टोचतात. फरच्या टोचत नाहीत असं म्हणतात, स्प्रूसच्या टोचतात. पण ताजी फांदी कुठलीही टोचणारच. शिवाय मी चाळीस वर्षं जमीन मोजली आहे, तिच्यावर काय उगवलंय ते बघणं दुसऱ्या खात्याचं काम होतं.

बाहेर गारठा आहे, फांद्या खराब होऊ नयेत म्हणून बॉयलरच्या खोलीत ठेवल्या. तिथे छान ऊब असते.

रविवार, २४ नोव्हेंबर

मृतांचा रविवार. आल्मुटच्या आईच्या, हेडविगबाईंच्या कबरीवर गेलो. हिवाळ्यात कबर उघडी राहू नये म्हणून फांद्या घालायच्या होत्या. फांद्या आल्मुटने पडायच्या आधीच कापून ठेवल्या होत्या, फरच्या. एका हाताने तिने त्या घातल्या, एकीवर एक, कौलं घालतात तशा. मध्ये मध्ये ज्युनिपरच्या डहाळ्या, निळ्या फळांच्या, कारण सासूबाई उत्तरेकडच्या माळरानातल्या होत्या आणि त्यांना तो वास आवडायचा. मी छत्री धरली.

मदत करू का विचारलं. "छत्री धर," म्हणाली.

सासूबाईंचं माझ्याविषयी मत होतं की हा माणूस जेवतो चांगला. बाकी काही मत त्यांनी कधी सांगितलं नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

९:००. काम सुरू.

११:३०. चार जुड्या.

१२:१५. तीन. एक सुटली.

तारेत दोष आहे. हल्ली तार पूर्वीसारखी येत नाही. एका हाताने डहाळ्या धरायच्या, दुसऱ्याने तार ओढायची, आणि कडं धरायला तिसरा हात लागतो. हे डिझाइनमध्ये लक्षात घ्यायला हवं होतं. डिझाइन माझं आहे, पण ते १९९५ चं.

१६:००. अर्धं झालं. डावीकडे जाड, उजवीकडे सांगाडा दिसतो. आल्मुट दाराबाहेर येऊन उभी राहिली. आत येऊ नको म्हणालो, धक्का लागेल. ती म्हणाली, "तार एकाच दिशेने फिरवतोस ना?"

दिशेचा प्रश्न आपल्याला पडलाच नव्हता. बांधलेलं सगळं सोडलं. अंगठ्याला दोन फोड.

बुधवार, २७ नोव्हेंबर

शेजारच्या गुडरुन द्योर्नबाख कुंपणापाशी भेटल्या. चर्चच्या महिला मंडळाच्या त्याच सर्वेसर्वा. म्हणाल्या, "एकहार्ट, तीस वर्षं झाली, आता आम्हालाही शिकव की. उद्या मंडळाची मीटिंग आहे. ये, करून दाखव."

त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळं होतं का? नव्हतं. कौतुक होतं. होय म्हणालो. शिकवल्याने आपलं शिक्षण पक्कं होतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

महिला मंडळ. अकरा बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, प्रत्येकीसमोर फांद्या आणि कात्री. मी उभा राहून तत्त्व समजावलं: परीघ, अंतर, कोन. फळ्यावर आकृती काढली. सगळ्या फार शांतपणे ऐकत होत्या. एकदोघींनी खाली मान घातली होती, टिपणं घेत असाव्यात.

मग करून दाखवलं. जुडी सुटली. म्हणालो, चुकीची पद्धत अशी असते. पुन्हा सुटली. गुडरुनबाईंनी सहज हात पुढे करून माझ्या हातातली तार घेतली, एक वळसा दिला, घट्ट बसली. "असंच ना?" मी म्हणालो, बरोब्बर, असंच.

तासाभरात अकरा जणींची अकरा कडी तयार झाली. माझ्या शिकवण्याला एवढा रिझल्ट येईल असं वाटलं नव्हतं. माझं तेवढं राहिलं, कारण मी शिकवत होतो.

घरी आल्मुटला सांगितलं. तिने विचारलं, कोणी हसलं का. नाही, म्हणालो. "चांगल्या आहेत गं सगळ्या," असं ती स्वतःशीच म्हणाली. गुडरुनचं नाव घेऊन म्हणाली की आणखी कोणाचं, नीट ऐकू आलं नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर, सकाळी

बॉयलरच्या खोलीत गेलो. फांद्या उचलल्या. हातात काड्या आल्या. हिरव्या सुया सगळ्या जमिनीवर. काल संध्याकाळी मान मोडून बांधलेल्या बावीस जुड्याही तशाच. फुंकर मारली तरी झडतात. झाडू मारला, तीन बादल्या.

आता कळलं. स्प्रूसच होत्या. आणि उबेत स्प्रूस आठवडाही टिकत नाही. हे गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नव्हतं.

आल्मुट कॉफी घेऊन आली. डाव्या हातात कप, अर्धी कॉफी बशीत. बादल्या बघितल्या. रागावली नाही. म्हणाली, "चल, अजून दोन दिवस आहेत. तू फरच्या मळ्यातून फांद्या आण. मी खुर्चीवर बसून सांगते, तू बांध. दोघं मिळून होईल."

सरळ साधी गोष्ट होती. हो म्हणायला एक शब्द लागत होता.

मी म्हणालो, तू हाताला आराम दे. माझा दुसरा प्लॅन तयार आहे.

ती कप ठेवून गेली. दुसरा प्लॅन काय, यावर दिवसभर विचार केला.

शनिवार, ३० नोव्हेंबर, सायंकाळी ६

हे लिहून ठेवतो, कारण परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे.

फरचा मळा शनिवारी बाराला बंद होतो. मी साडेबाराला पोचलो. दुपारी एकला दुकानंही बंद. गुडरुनबाईंकडे मागितल्या असत्या तर त्यांनी दिल्या असत्या, पण का मागतोस हे विचारलं असतं. विचारलं नसतं, तर आणखी वाईट.

तीन वाजता स्मशानात गेलो. दुसऱ्या कोणाच्या कबरीला हात लावला नाही. लावलाही नसता, मी तसला माणूस नाही. सासूबाई घरच्याच. त्यांच्या मुलीच्या चर्चसाठी, त्यांच्या जावयाच्या हातून. आधी एकाआड एक काढायच्या असं ठरवलं होतं. पण पुरेनात. मग ज्या उरल्या त्या एकट्याच विचित्र दिसायला लागल्या, म्हणून त्याही घेतल्या. खाली काळी माती उघडी पडली. मी ती बुटाने थोडी सारखी केली.

समोरच्या वाटेवरून कोणीतरी गेलं. मी टोपी काढून प्रार्थना करतोय असं दाखवलं. दाखवता दाखवता खरंच काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण टोपी घालून निघालो.

फांद्या लांबच्या लांब सांगाड्यावर गुंडाळल्या, आठ ठिकाणी तारेने आवळल्या. पाच वाजता चर्चमध्ये एकट्याने टांगलं. खालून बघितलं. उत्तम दिसतं. तीस वर्षांतलं सगळ्यात दाट.

रविवार, १ डिसेंबर

पहिली मेणबत्ती लावली. सगळ्यांनी वर बघितलं. कोणीतरी "अहाहा" केलं.

आल्मुट माझ्या शेजारी, प्लास्टरवर शाल घेऊन. तीही वर बघत होती. बघता बघता तिचा चेहरा हलायचा थांबला. मी तिच्या नजरेच्या रोखाने बघितलं. कड्याच्या खालच्या बाजूला ज्युनिपरच्या डहाळ्या लोंबत होत्या, निळी फळं, दोन, नाही, चार डहाळ्या. त्या काढून टाकायच्या हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फांद्यांबरोबर आल्या, तशा गेल्या.

ती माझ्याकडे वळली नाही. वर बघतच अगदी हळू म्हणाली, "आईला थंडी वाजेल."

एवढंच.

मग प्रार्थना संपली आणि फोग्टबाई पुढे आल्या. तीस वर्षं, म्हणाल्या. हिवाळ्याच्या अंधारात हिरवं काहीतरी टांगणारे हात, असंही म्हणाल्या. सगळे मागे वळले, टाळ्या वाजल्या. आणि मी उठून उभा राहिलो आणि मान डोलावली. बसून राहता आलं असतं. बोलता आलं असतं. मी मान डोलावली, दोनदा.

कॉफीला श्टोलन केकचा तुकडा घेतला. रुमालात बांधून खिशात घातला.

लाज वाटते आहे. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार.

सोमवार, २ डिसेंबर

सकाळी आल्मुट टोपलीत फांद्या घेऊन एकटीच स्मशानाकडे गेली. मी खिडकीतून बघितलं. बरोबर जाणार होतो, पण गुडघा दुखत होता, आणि बूट सापडेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती. बूट दारातच होते.

तासाभराने परत आली. टोपली भरलेलीच. एका हाताने जमलं नसावं. विचारायचं धाडस झालं नाही. दुपारी तिने मसूरची आमटी केली, एका हाताने, आणि मला आधी वाढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निर्धार: येत्या रविवारी, कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगायचं. सगळं. सांगाडा सोडून, कारण तो खरोखर मीच केलाय.

बुधवार, ४ डिसेंबर

भाषणाचा पहिला मसुदा. तीन पानं. सुरुवात वेल्डिंगपासून.

शुक्रवार, ६ डिसेंबर

भाषण वाचून पाहिलं. आल्मुटचं नाव दुसऱ्या पानाच्या शेवटी येतं. 'सहकार्य' हा शब्द चार वेळा. फाडलं.

दुसरा मसुदा. एक पान. यात 'परिस्थितीमुळे' आहे. तोही फाडला.

सकाळी दाराबाहेर ठेवलेल्या माझ्या बुटात आल्मुटने दर वर्षीप्रमाणे संत निकोलसच्या नावाने अक्रोड आणि एक संत्रं ठेवलं होतं. मी तिच्यासाठी काही ठेवायला विसरलो. दर वर्षी विसरतो. आजच लक्षात आलं की दर वर्षी विसरतो.

शनिवार, ७ डिसेंबर

गुडघा दुखतोय. सर्दी होणार असं वाटतंय. आजारी माणसाने चर्चमध्ये खोकू नये, इतरांचा विचार करावा. एक आठवडा पुढे ढकललं तर भाषण अधिक चांगलं होईल.

संध्याकाळी ताप बघितला. नाही.

रविवार, ८ डिसेंबर

दुसरी मेणबत्ती. ज्युनिपरच्या डहाळ्या तशाच लोंबताहेत, कोणी काढल्या नाहीत.

कॉफीच्या वेळी उभा राहिलो. चमचा कपावर वाजवला. महिला मंडळ समोरच्या टेबलावर, आल्मुट त्यांच्यात. फोग्टबाई किटली घेऊन मध्येच थांबल्या. भाषण खिशात होतं, पाचवा मसुदा, अर्धं पान. बाहेर काढलं नाही.

म्हणालो, "कडं मी करत नाही. आल्मुट करते. पहिल्यापासून. आणि यंदाच्या फांद्या मी हेडविगच्या कबरीवरून काढल्या."

तयारी केली होती सगळ्याची. कोणी उठून जाईल, कोणी ओरडेल, फोग्टबाई पत्रकात छापतील. तसं काहीच झालं नाही. मग गुडरुनबाईंनी माझी खुर्ची पायाने मागे सारली.

"बस, एकहार्ट. कॉफी गार होतेय. आम्हाला ठाऊक आहे."

कबरीचं?

"तेही. तुला बघितलं मी, टोपी काढून उभा होतास ते. गेल्या रविवारी दुपारीच आम्ही आपापल्या माणसांच्या कबरींवरून एकेक फांदी काढली आणि हेडविगला घातली. तिला काही कमी पडलं नाही."

आणि कड्याचं कधीपासून ठाऊक आहे, विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षापासून. शेजारी राहते मी, धुण्याच्या खोलीची खिडकी माझ्या अंगणात उघडते. फोग्टबाई गावात आल्या त्या वर्षी त्यांनाही सांगून ठेवलं होतं. मी फोग्टबाईंकडे बघितलं. त्या किटली बघत होत्या.

म्हणजे एकोणतीस वर्षं टाळ्या वाजवणाऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे हे ठाऊक नसलेला माणूस एकच होता, आणि तो उभा राहून मान डोलवायचा. फळ्यावर आकृती काढून अकरा बायकांना शिकवायलाही तोच गेला होता.

बसलो. कॉफी प्यायलो. गार झाली होती.

त्याच दिवशी, दुपारी

घरी आल्यावर आल्मुटला विचारलं, त्यांना गप्प राहायला तू सांगितलंस का.

"हो."

का?

ती बीटाच्या लोणच्याची बरणी मांडीत धरून बसली होती. म्हणाली, "त्या वर्षी तुझी बढती हुकली होती. दोन महिने तू घरात धड बोलत नव्हतास. कडं चर्चमध्ये नेलंस, कोणीतरी म्हणालं, वा, काय सुंदर केलंय, आणि तू हसलास. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. म्हटलं, असू दे."

बढतीचं माझ्या पार डोक्यातून गेलं होतं. म्हणजे, गेलं होतं असं मी धरून चाललो होतो.

आणि दुसऱ्या वर्षी, विचारलं.

"दुसऱ्या वर्षी वाटलं, आता तूच सांगशील."

तिसऱ्या?

"तिसऱ्याही वर्षी वाटलं." हे रागाने नाही, ती आठवत होती. "चौथ्या की पाचव्या वर्षी मी वाट बघायचं सोडलं. कडं तेवढं करत राहिले. मला आवडतं ते करायला."

यावर काय म्हणायचं याचा मसुदा माझ्याकडे नव्हता. चूक झाली म्हणालो. ती म्हणाली, हो.

मग तिने बरणी पुढे केली. एका हाताने झाकण निघत नव्हतं. मी काढून दिलं.

नोंद: आज झाकण काढलं. तेवढं मात्र मी स्वतः.